काडीचाही फरक नाही? नीट बघा!

रंग, लांबी, एकूण रूपडं... काडीकिडा या सगळ्यात आपल्याला गंडवतो. पण त्याची मिशी, मांडी, शेपटीचं टोक आणि अंडं बघितलंत, तर त्याचं आडनाव कळू शकतं. चंद्रपूर-गडचिरोलीत राहत असाल, तर हे शिकून घ्यायला तुमच्याइतकी चांगली जागा दुसऱ्या कुणाकडे नाही.

पावसाळा मुरलेला असतो. चंद्रपूर, मूल, आलापल्ली, एटापल्ली, कुठलंही गाव घ्या. हॉस्टेलच्या भिंतीवर, पेरूच्या झाडावर नाहीतर कॉलेजच्या मागच्या कुंपणावर तुम्हाला एक काडी दिसते. हात लावायला जाता आणि काडी चालायला लागते. लगेच मोबाइल बाहेर. वरून एक फोटो, फार तर दोन. ‘स्टिक इन्सेक्ट!’ म्हणून स्टोरी पडते. खाली कुणीतरी लिहितं, ‘अबे, काडीच होय ना ते!’ विषय खल्लास.

ग्रुपमधला एखादा जरा अभ्यासू असतो. तो तोच फोटो आयनॅचरलिस्टवर टाकतो. ॲप एक भारदस्त लॅटिन नाव सुचवतं, हा ते स्वीकारतो. दुसरा कुणी येऊन ‘सहमत’ म्हणतो. स्पीशीजच्या नावावर दोघांचं जमलं, तारीख आणि ठिकाण नीट असलं, की त्या नोंदीवर ‘रिसर्च ग्रेड’चा शिक्का बसू शकतो. तिथून ती नोंद जीबीआयएफ नावाच्या जागतिक माहितीसाठ्यात जाऊ शकते. तो साठा जगभरचे अभ्यासक वापरतात. म्हणजे हॉस्टेलच्या भिंतीवरच्या काडीला आपण घाईत दिलेलं नाव उद्या कुणाच्या तरी नकाशावरचा ठिपका होतं. आणि त्या दोघांनी बघितलेलं काय असतं? किड्याची पाठ.

पाठीवरून काडीकिड्याचं नाव सांगणं म्हणजे मागून बघून माणसाचं आडनाव सांगणं.

आडनाव म्हटलं ते मुद्दाम. शास्त्रीय नाव शाळेच्या हजेरीपटासारखं असतं, आधी आडनाव, मग नाव. पहिला शब्द म्हणजे जीनस, दुसरा स्पीशीज. काडीकिड्यांच्या ज्ञात स्पीशीज जगात ३००० हून जास्त आहेत. त्यांच्या गटाला फास्मिडा किंवा फास्मॅटोडिया म्हणतात. मूळ ग्रीक शब्द ‘फास्मा’, म्हणजे आभास, भुतासारखं दिसणं. पुस्तकी मराठीत यष्टिकीटक. आपण काडीकिडाच म्हणू.

आता हे सगळं कशाला, असं वाटेल. ताडोबात वाघ बघायला जग येतं, काडीकिडा बघायला कोण येतंय? बरोबर. पण याच दोन जिल्ह्यांत कोळशाच्या खाणी आहेत, सुरजागडची लोहखाण आहे, रस्ते रुंद होताहेत. मोठ्या प्रकल्पाआधी पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल होतो आणि त्यात त्या भागातल्या प्राणी-वनस्पतींची यादी जोडतात. वाघाचं नाव कुणी चुकवत नाही. बारीकसारीक जिवांची नावं मात्र कुठल्या तरी जुन्या यादीतून नाहीतर घाईच्या फोटोंवरून येऊ शकतात. एका जंगलात राहणाऱ्या दोन वेगळ्या जीनस एकाच नावाखाली गेल्या, तर कागदावर एक कायमची गायब होते. ती नष्ट झाली तरी कुणाला कळणार नाही, कारण ती होती हेच कुठे लिहिलेलं नसतं.

आधी ही काडी कुणाची?

जीनसपर्यंत जायच्या आधी समोरचा प्राणी काडीकिडाच आहे ना, ते बघा. इथंच बरेच फोटो बाद होतात.

गवतात सापडणारा एक बारीक, लांबलचक मँटिस आहे, स्किझोसेफाला बायकॉर्निस. प्रार्थनाकीटकांच्या घरातला. डोळे टोकदार, शंकूसारखे. पहिल्या नजरेत कुणीही त्याला काडीकिडा म्हणेल. ओळखायचं कसं? पायांमधली अंतरं बघा. मँटिसचा लांबतो तो छातीचा पहिला भाग. त्यामुळे पुढचे पाय लांब पुढे राहतात आणि मधले-मागचे पाय एकमेकांना चिकटून येतात. काडीकिड्यात उलट. त्याच्या छातीचा पहिला भाग तोकडा आणि पुढचे दोन भाग लांब, म्हणून मधल्या आणि मागच्या पायांत भरपूर अंतर. शिवाय मँटिसच्या पुढच्या पायांवर भक्ष्य पकडायला काट्यांच्या रांगा असतात. काडीकिडा पाला खातो, त्याला शिकारीचा पंजा नाही.

मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आपल्या पूर्व विदर्भाची शान. त्यांच्या कडेला पाण्यात जी काडी सापडते ती रानात्रा. तिला शेपटीकडे श्वासाची लांब नळी आणि तोंडाला सोंड. ती ढेकणाच्या गटातली. घराच्या कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्याजवळ दोऱ्यासारखे पाय टाकत फिरणारा एक मारेकरी ढेकूणही असाच फसवतो. डोक्याखाली वाकडी चोच दिसली की समजा. फांदीवर ताठ उभी राहणारी लूपर अळी तर या कलेत सगळ्यांची गुरू. पण तिचे सहा खरे पाय डोक्यापाशी गर्दी करून असतात.

काडीकिड्याची आणखी एक घरगुती खूण सांगतो, मला स्वतःला ही सगळ्यात आवडते. तो पुढचे दोन्ही पाय सरळ समोर ताणून बसतो, तेव्हा डोकं मध्ये अडत नाही. का? कारण पुढच्या मांडीला मुळाशी आतून बाक असतो. त्या खाचेत डोकं बरोबर बसतं. डोकं लपलं, काडी पूर्ण. हा बाक दिसला तर निर्धास्तपणे पुढे चला.

मिशी विरुद्ध मांडी

भारतातल्या बिनपंखी काडीकिड्यांच्या फोटोंखाली दोन नावं हमखास दिसतात, कॅरॉशियस आणि रामुलस. दोन्ही बारीक, दोन्ही हिरवे किंवा तपकिरी, दोन्हींना पंख नाहीत. दोघांचीही नावं जुनी आहेत. रामुलस हे नाव सोस्यूर यांनी १८६२ मध्ये दिलं, कॅरॉशियस स्टॉल यांनी १८७५ मध्ये. दिसायला सख्खे भाऊ, पण आजच्या वर्गीकरणात दोघं वेगवेगळ्या कुळांत बसतात.

फरक कुठे? डोक्यावरच्या मिशीत, म्हणजे तुमच्या झूलॉजीच्या पुस्तकातल्या अँटेनात. पुढच्या पायाच्या मांडीशी, म्हणजे फीमरशी, ती ताडून बघा. रामुलसच्या मादीची मिशी मांडीपेक्षा तोकडी असते. कॅरॉशियसची मिशी मांडीला मागे टाकून बरीच पुढे जाते. बस्स. मोजपट्टीही लागत नाही. मिशी आणि मांडी दोन्ही एका फोटोत सरळ दिसली, तर मोबाइलच्या स्क्रीनवरच मोजता येतं.

मग लोक चुकतात कुठे? काडीकिडा विश्रांतीला बसला की मिशा पुढच्या ताणलेल्या पायांच्या मध्ये लपवतो. वरून फोटो काढला की तीन काड्या एकात एक गेलेल्या दिसतात. मिशी कुठे संपली आणि पाय कुठे सुरू झाला, कळत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचा फोटो नेमका तोच असतो.

दुसरी अडचण वयाची. पिल्लं मोठ्यांची छोटी आवृत्ती दिसतात, पण त्यांच्या शरीराची मापं मोठ्यांसारखी नसतात. कात टाकता टाकता मिशी वाढते. त्यामुळे ‘मिशी तोकडी, म्हणजे रामुलस’ हे पिल्लावर लावू नका. किडा पूर्ण वाढलेला आहे का, ते आधी ठरवा. बिनपंखी जातीत ते ठरवायचं तर शेपटीचे शेवटचे भाग नीट घडलेले आहेत का, ते बघावं लागतं. त्याकडे येऊच.

तिसरी गंमत पायांची. काडीकिडा पकडला गेला की पाय सोडून पळतो. मांडीच्या मुळाशी पाय तुटायची जागाच ठरलेली असते. लहान वयात तुटलेला पाय पुढच्या कातींबरोबर परत येतो, पण बारीक आणि आखूड. आता त्या आखूड मांडीशी मिशी मोजलीत तर रामुलसचा कॅरॉशियस व्हायला किती वेळ लागणार? यावर एक झकास उपाय आहे. तळपायाचे भाग मोजा. काडीकिड्याच्या तळपायाला साधारण पाच भाग असतात. परत उगवलेल्या पायाला बहुधा चारच. चार दिसले की तो पाय साक्षीदार म्हणून बाद, दुसऱ्या बाजूचा बघा. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या टिमेमा या काडीकिड्यांच्या तळपायाला मुळातच तीन भाग असतात, पण ती इथे भेटायची नाही.

कॅरॉशियसची एक भारतीय गोष्ट इथंच सांगायला हवी. जगातल्या प्रयोगशाळांमध्ये सगळ्यात जास्त पाळला गेलेला काडीकिडा कॅरॉशियस मोरोसस हा मूळचा आपल्या दक्षिणेतला, तमिळनाडूतल्या कोडाईकॅनॉलजवळच्या शेंबगनूरचा. १९०१ मध्ये सिनेती या फ्रेंच अभ्यासकानं त्याला नाव दिलं. त्यानंतर तो युरोपातल्या शाळांत, प्रयोगशाळांत, मुलांच्या काचेच्या बरण्यांत पोचला. मज्जासंस्था पाय कसे चालवते, सहा पायांचा ताळमेळ कसा बसतो, याचा बराच अभ्यास या किड्यावर झाला. जुन्या पेपरांमध्ये मात्र तो डिक्सिपस मोरोसस या नावानं सापडतो. आडनाव बदललं की शोध अर्धा हरवतो, हे सर्च करणाऱ्या कुणालाही विचारा.

याहून मोठा गोंधळ दुसऱ्या एका प्रयोगशाळेतल्या काडीकिड्याचा. हा व्हिएतनामकडचा. चालण्याच्या अभ्यासात तो एका ठिकाणी बॅक्युलम इम्पिग्रम म्हणून येतो, दुसरीकडे क्युनिक्युलिना इम्पिग्रा, आणि अलीकडच्या पेपरांत मेडॉरॉइडिया एक्स्ट्राडेंटाटा. किडा तोच, आडनावं तीन. रामुलस, मेडॉरॉइडिया, क्युनिक्युलिना हे एका गटातले खरेखुरे जवळचे नातेवाईक, आणि जुन्या पुस्तकांत आशियातल्या यांच्यापैकी कितीतरी बॅक्युलम या एकाच पोत्यात भरलेले. त्यामुळे लायब्ररीतल्या एखाद्या जुन्या यादीत बॅक्युलम दिसलं, तर आज त्याचं नाव रामुलस असण्याची बरीच शक्यता. पण शक्यताच. तपासल्याशिवाय बदलून लिहू नका.

रंग, शिंगं, पंख: तिन्ही थापा

रंगावर जाऊच नका. एकाच मादीच्या पोटची पिल्लं मोठी होऊन एक हिरवी, एक तपकिरी होऊ शकते. कॅरॉशियस मोरोसस तर रात्री गडद होतो आणि दिवसा पुन्हा फिका. कॅरॉशियस मोरोससच्या मादीच्या पुढच्या मांडीच्या मुळाशी आतून लाल ठिपका असतो, तेवढा रंग मात्र कामाचा. तो दिसायला पाय ताणलेला हवा.

शिंगं बघून हुरळून जायची सवय सगळ्यांना असते. डोळ्यांच्या मध्ये दोन छोटी शिंगं दिसली की नवीनच काहीतरी सापडल्यासारखं वाटतं. जीनस ठरवायला मात्र ती फारशी उपयोगी नाहीत. एकाच जीनसमध्ये कुणाला असतात, कुणाला नसतात.

आणि पंख? काडीकिड्यांमध्ये पंख इतक्या वेळा गेले आहेत, की २००३ मध्ये व्हाइटिंग, ब्रॅडलर आणि मॅक्सवेल यांनी ‘नेचर’मध्ये थेट असं मांडलं, की काही शाखांमध्ये गेलेले पंख परतही आले असावेत. त्यावर भरपूर भांडण झालं, अजून मिटलेलं नाही. आपल्यापुरतं एवढंच, की पंख नाहीत म्हणून दोन काडीकिडे नातेवाईक ठरत नाहीत. पिल्लांना तर पंख नसतातच.

नडगीच्या टोकाखाली एक छोटा त्रिकोणी खळगा असतो का नसतो, या एका खुणेवर अभ्यासकांनी बराच काळ सगळ्या काडीकिड्यांची दोन गटांत वाटणी केली होती. भिंग घेऊन बघितलं तर तो दिसतोही. डीएनए वाचायला लागल्यावर कळलं, की ही वाटणी खऱ्या नात्यांशी जुळत नाही. तरी खूण म्हणून ती टाकाऊ नाही. खळगा दिसला तर तुमचा किडा कॅरॉशियसही नाही आणि रामुलसही नाही, इतकं तर नक्की सांगता येतं.

एकसारखं दिसणं किती फसवं असतं, त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड हाव बेटावरचं. तिथं ड्रायोकोसेलस हा जाडजूड, बिनपंखी काडीकिडा राहायचा. १९१८ मध्ये एक जहाज बेटाजवळ रुतलं, त्यातून उंदीर उतरले आणि काही वर्षांत किडा संपला. न्यू गिनीत अगदी तशाच अंगाचा युरिकँथा आहे. दोघं जवळचे म्हणून एकत्र मोजले जायचे. २००९ मधल्या डीएनए अभ्यासानं दाखवलं, की दोघांचं तसं जवळचं नातं नाही. जमिनीवर, बिळांत राहायला लागलेल्या दोन वेगळ्या घराण्यांनी एकच अंगकाठी कमावली होती. पुढची गोष्ट याच्या उलटी. २००१ मध्ये बॉल्स पिरॅमिड या जवळच्या उघड्या खडकावर ड्रायोकोसेलससारखे काही जिवंत किडे सापडले. पण ते म्युझियममधल्या जुन्या नमुन्यांपेक्षा थोडे वेगळे दिसत होते, म्हणून शंका. २०१७ मध्ये जुन्या, वाळलेल्या नमुन्यांचा डीएनए जिवंतांशी ताडला. एकच स्पीशीज निघाली. शतकभरापूर्वी कुणीतरी टाचणी टोचून, ठिकाण लिहून ठेवलं नसतं, तर हे कधीच ठरलं नसतं.

शेपटीकडे बघा

मिशी-मांडीनं मोठे गट सुटतात. रामुलस आणि त्याचे सख्खे शेजारी वेगळे करायचे, तर शेपटीकडे यावंच लागतं. इथं मात्र घाई करून चालत नाही.

मादीच्या पोटाखाली, टोकाजवळ एक तबक असतं. अंडं बाहेर पडण्याआधी त्यावर येतं. रामुलसच्या गटात ते होडीच्या तळासारखं, खाली धार असलेलं दिसतं. ते किती मागे जातं, टोक गोल की अणकुचीदार, त्याच्या वरचा शेवटचा भाग कसा कापलेला आहे, यावर अभ्यासक पानंच्या पानं लिहितात. नराचं शेवटचं कडं मादीला धरायचा चिमटा म्हणून घडलेलं असतं. रामुलसच्या गटात ते दोन फाकांत चिरलेलं. फाकांच्या आतले दात, त्यांचा बाक, हे सगळं जीनसनुसार बदलतं. हे दिसायला फोटो बाजूनं, खालून आणि वरून असा तिन्ही बाजूंनी लागतो. एका बाजूच्या फोटोवरून कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याला कोपऱ्यात घेऊन विचारा.

मुख्य अडचण म्हणजे नर सापडतच नाहीत. कित्येक काडीकिड्यांत माद्या नराशिवाय अंडी घालतात आणि त्यातून माद्याच होतात. कॅरॉशियस मोरोसस तसाच चालतो. जिथं नर असतात तिथं ते मादीपेक्षा बारीक, छोटे आणि दिसायला इतके वेगळे, की दोघं एका घरचे आहेत हेच पटत नाही. नर एका नावानं, मादी दुसऱ्या नावानं, असं वर्णन झाल्याची उदाहरणं कमी नाहीत. १८७० च्या दशकात कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये जेम्स वुड-मेसन यांनी भारतातल्या काडीकिड्यांची वर्णनं लिहिली. १९०६ ते १९०८ मध्ये ब्रुनर फॉन वाटेनवील आणि रेडटेनबाखर यांचा जाडजूड ग्रंथ आला, तोही बराचसा वाळलेल्या नमुन्यांवर. समोर एकच मादी असेल, तर तिचा नर कसा हे त्यांना कोण सांगणार?

याच ग्रंथात रेडटेनबाखर यांनी १९०६ मध्ये नॅनोफिलियम नावाची जीनस केली. हा पानकिडा, न्यू गिनीकडचा, पानासारखा चपटा. पुढे शंभरहून जास्त वर्षं या जीनसमधले फक्त नर सापडत राहिले. मादी एकही नाही! त्याच बेटावर फिलियम जीनसमध्ये माद्यांचा एक मोठा गट नोंदलेला होता. त्यांना नर नाहीत! आता तुम्हाला उत्तर दिसतंय, पण अंदाजाला शास्त्रात किंमत नाही. २०१८ मध्ये कॅनडातल्या माँट्रियलच्या कीटकालयात अशा एका मादीची १३ अंडी आली. सांभाळल्यावर त्यातली काही फुटली, पिल्लं वाढली आणि त्यातून नर निघाला. नर हुबेहूब नॅनोफिलियमसारखा. म्हणजे एका घरातली नवरा-बायको शतकभर वेगळ्या आडनावांनी फाइलमध्ये पडून होती. २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि सगळा गट नॅनोफिलियममध्ये आला.

उलटंही होतं. फिलियम नावाच्या मोठ्या एकत्र कुटुंबाची २०२१ मध्ये रीतसर वाटणी झाली. डीएनएनं दाखवलं की सगळे एका खोडाचे नाहीत, मग शरीरावर त्याच्या खुणा शोधल्या गेल्या आणि क्रिप्टोफिलियम ही नवी जीनस वेगळी निघाली. शब्दशः काडीमोड म्हणायचा तर हाच.

खाली पडलेलं बी

माँट्रियलमध्ये उत्तर अंड्यातून आलं. अंडं स्वतःही उत्तर देतं.

काडीकिड्याचं अंडं म्हणजे हुबेहूब एखाद्या रानवेलीचं बी. बऱ्याच जाती झाडावरून एकेक अंडं टपटप खाली टाकतात. काही जमिनीत पुरतात, काही पानाला चिकटवतात. अंड्याला वर झाकण असतं. पिल्लू ते ढकलून बाहेर येतं. बाजूला एक चट्टा असतो, त्याला मायक्रोपायलर प्लेट म्हणतात. तिच्यात बारीक भोक असतं, शुक्राणू आत जायची वाट. हा चट्टा लांब की आखूड, कडी पूर्ण बंद की एका बाजूला उघडी, झाकण सपाट की फुगीर, अंडं गोल की दोन्ही बाजूंनी दाबलेलं, यातलं बरंचसं जीनसला धरून असतं. शरीरावर खुणा सापडत नाहीत, तेव्हा कित्येकदा अंड्यावर निकाल लागतो. मादी तुम्हाला फसवेल, तिचं अंडं सहसा फसवत नाही.

काही अंड्यांच्या झाकणावर फिकट रंगाचं बोंड असतं. कॅरॉशियस मोरोससच्या तपकिरी अंड्यावर ते स्पष्ट दिसतं. मुंग्या त्या बोंडासाठी अंडं उचलून वारुळात नेतात, बोंड खातात, अंडं तसंच राहतं. काही झाडांच्या बियांनाही मुंग्यांसाठी असाच खाऊ चिकटवलेला असतो. जपानमध्ये तर २०१८ मध्ये संशोधकांनी तिथल्या बुलबुलांना काडीकिड्यांची अंडी खाऊ घातली. त्यातली थोडी विष्ठेतून अखंड बाहेर आली आणि एका जातीची दोन तर फुटलीही. ती जात रामुलस जीनसमधली. नराची गरज नसलेली मादी असल्यामुळेच हे शक्य झालं, कारण पोटातली अंडी पक्ष्यानं गिळली तेव्हाही ती वाढायला तयारच होती. नक्कलच करायची तर बियांची, तीही पक्ष्याच्या पोटातून जाईपर्यंत. जाम भारी आहे हे.

मग करायचं काय?

रात्री टॉर्च घेऊन जंगलात जायचं नाही. इथं वाघ आणि साप दोन्ही खरे आहेत. काडीकिडे रात्री खायला निघतात, पण त्यासाठी कॅम्पसमधली झुडपं, घरामागचा पेरू, रस्त्याकडेच्या दिव्याखालचं कुंपण पुरतं. ताडोबा, चपराळा किंवा कुठल्याही अभयारण्यातून परवानगीशिवाय किडा, अंडं, पाय, काहीही उचलू नका. १९७२ चा वन्यजीव कायदा किडा छोटा आहे म्हणून माफी देत नाही. आलापल्लीजवळचं ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ २०१४ मध्ये जैवविविधता वारसास्थळ झालं, तिथंही तोच नियम. फोटोला मात्र कुणी अडवत नाही.

आणि फोटो काढायचा तर काढण्यासारखा काढा. पहिला अख्ख्या किड्याचा, वरून, हवा तर स्टोरीसाठी. मग डोकं, मिशी आणि पुढची मांडी एका चौकटीत, मिशी पूर्ण दिसेपर्यंत थांबून. मांडीचा आतला बाक आणि असल्यास लाल ठिपका. तळपायाचे भाग मोजता येतील असा एक. शेपटीचा बाजूनं, खालून, वरून. पायांमधली अंतरं दाखवणारा एक. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवलंत तर मापही आलं. मग त्या झाडाचं पान, कारण तो काय खातो हेही कामाचं. तारीख, वेळ, गाव आणि ठिकाण त्याच रात्री लिहा. ‘चंद्रपूर जिल्हा’ एवढं पुरेसं नाही. मूल तालुका आणि एटापल्ली तालुका यांच्यात एक अख्खी वैनगंगा आडवी आहे.

नाव टाकताना जिथं पुरावा संपतो तिथं थांबा. ‘रामुलस एसपी.’, म्हणजे जीनस नक्की, स्पीशीज ठाऊक नाही, असं लिहिणं कमीपणाचं नाही. चुकीच्या पूर्ण नावापेक्षा ते कितीतरी मोलाचं. आणि नुसतं ‘फास्मिडा’ लिहून सोबत शेपटीचे तीन फोटो जोडलेत, तर दहा वर्षांनी कुणीतरी त्यावरून स्पीशीजसुद्धा काढेल. पाठीच्या फोटोवरून कुणीच काही काढणार नाही. कॉलेजच्या झूलॉजी विभागातल्या सरांना, मॅडमना गाठा, बरणीतल्या जुन्या नमुन्यांवरची लेबलं एकदा त्यांच्याबरोबर वाचा. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, त्यांना पत्र लिहायचं तर विभागातून लिहिलेलं बरं.

अंगणात, आपल्याच पेरूवर मादी सापडली तर तिला जाळीच्या डब्यात त्याच झाडाच्या ताज्या डहाळीसह चार-पाच दिवस ठेवा आणि मग जिथून आणली तिथं सोडून द्या. डब्याच्या तळाला बिया पडलेल्या दिसतील. त्यांचे फोटो काढा, झाकणाचा आणि चट्ट्याचा जवळून. मग ओलसर मातीवर ठेवा, बुरशी धरू देऊ नका आणि वहीत तारीख घाला. फुटायला काही आठवडे लागतील, नाहीतर कित्येक महिने. सेमिस्टर त्याआधी संपेल, डबा घरच्यांकडे सोपवताना आत काय आहे ते सांगून ठेवा, नाहीतर झाडून टाकतील.